मुलांसाठी शैक्षणिक टीव्ही कार्यक्रम करायचे आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली पंचवीसेक वर्षं मी मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांच्या निर्मितीत आहे. सुरुवात निर्मिती सहायक म्हणून झाली, मग संहिता लिहायला लागले, मग स्वतंत्रपणे निर्मिती. माध्यमांच्या विद्यार्थ्यांसमोर किंवा शिक्षकांच्या कार्यशाळेत बोलायला गेले की शेवटी चार-पाच जण हमखास मागे थांबतात, आणि त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. ते प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

निर्माता म्हणजे पैसे घालणारा ना? मग तुम्ही नेमकं काय करता?

सिनेमात तसं असेल. आमच्याकडे पैसा सरकारचा, एखाद्या संस्थेचा किंवा वाहिनीचा असतो. निर्माती म्हणून माझ्यावर जबाबदारी असते ती एका धड्याची. तो धडा कागदावरून मुलाच्या डोक्यात नीट पोचला पाहिजे. दूरदर्शनच्या परंपरेत निर्माता हे पद आहे आणि पुष्कळदा तोच दिग्दर्शनही करतो. विषय ठरवणं, विषयतज्ज्ञ आणि लेखक यांना एका टेबलाशी बसवणं, संहिता मंजूर करून घेणं, अंदाजपत्रक, कलाकार, सेट, चित्रीकरण, संकलन, मुलांसमोर चाचणी, दुरुस्ती आणि प्रसारणाची वेळ हे सगळं त्यात येतं.

एखाद्या दिवशी सकाळी भूगोलाच्या प्राध्यापकांशी एका वाक्यावरून दीड तास चर्चा होते, दुपारी सुताराबरोबर पवनचक्कीची पाती किती रुंद हवीत ते मोजायचं असतं आणि रात्री संकलकाशेजारी बसून सात सेकंद कापायचे असतात. हे सगळं ज्याला मनापासून आवडतं त्याने यावं. फक्त कॅमेरा आवडत असेल तर या कामात मन रमणार नाही.

आपल्याकडे हे काम सुरू कधी झालं?

भारतात दूरचित्रवाणीची सुरुवातच शिक्षणाच्या हेतूने झाली, हे नव्या मुलांना सांगितलं की त्यांना नवल वाटतं. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रसारण सुरू झालं आणि १९६१ पासून दिल्लीच्या शाळांसाठी टीव्हीवर धडे दाखवले जाऊ लागले.

खरी झेप १९७५ ची. त्या वर्षी १ ऑगस्टला उपग्रहावरून गावोगावी टीव्ही कार्यक्रम पोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग सुरू झाला आणि ३१ जुलै १९७६ पर्यंत चालला. नासाचा उपग्रह, इस्रोची यंत्रणा, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं. गावात टीव्ही संच आणि त्याच्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची भलीमोठी छत्री. सकाळचा दीड तास शाळेच्या मुलांसाठी राखलेला असे आणि तो हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया अशा चार भाषांत वाटलेला. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण मुलांच्या विज्ञान कार्यक्रमांची निर्मिती इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओतून झाली आणि मुंबईच्या शास्त्रज्ञांनी त्यात मनापासून हातभार लावला. त्या काळी इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरचे संचालक यशपाल होते. ते स्वतः टीआयएफआर या मुंबईच्या विज्ञान संशोधन संस्थेतून तिथे गेलेले. भौतिकशास्त्रातला एवढा मोठा माणूस खेड्यातल्या सात वर्षांच्या मुलाला काय दिसेल याचा विचार करत बसतो, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते.

पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि राज्याराज्यांत शैक्षणिक कार्यक्रम तयार करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीच्या शेजारी, १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. सकाळी दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम लागायचे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मराठी माणसापुढे ते नाव घ्या आणि त्याचा चेहरा बघा. शाळेतल्या हॉलमध्ये मांडी घालून, एकमेकांच्या खांद्यावरून मान काढून बघितलेले ते कार्यक्रम असतात. संस्था २०१७ मध्ये बंद झाली. मला त्याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. इमारत आणि यंत्रं पुन्हा मिळतात. मुलांसाठी कसं लिहायचं, पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदाचं दृश्य कसं करायचं हे वर्षानुवर्षं शिकलेली माणसं एकदा पांगली की पुन्हा एका छताखाली येत नाहीत.

या क्षेत्रात आदर्श म्हणून कुणाकडे बघावं?

विजया मुळे यांच्याकडे. सगळे त्यांना अक्का म्हणत. १९२१ साली मुंबईत जन्म, लग्नानंतर पाटण्याला, तिथून शिष्यवृत्तीवर इंग्लंडमध्ये लीड्सला शिक्षणशास्त्र शिकायला. चित्रपटांचं वेड त्यांना फिल्म सोसायटीच्या चळवळीत घेऊन गेलं, सरकारी नोकरी शिक्षण खात्यात होती, आणि या दोन्ही वाटा पुढे शैक्षणिक दूरचित्रवाणीत एकत्र आल्या. दिल्लीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख म्हणून साइटच्या काळात मुलांचे कार्यक्रम त्यांच्या देखरेखीखाली झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच्या टीव्ही कार्यक्रमाच्या कामातही त्या पुढे होत्या. २०१९ मध्ये त्या गेल्या.

त्यांचं सगळ्यांत माहीत असलेलं काम म्हणजे १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा छोटा अॅनिमेशनपट. अॅनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं, आणि त्यातला तो कोवळा आवाज साधना सरगम यांच्या लहानपणीचा. तो पुन्हा बघाल तेव्हा एक गोष्ट तपासा. ‘एक’ म्हणजे काय आणि ‘अनेक’ म्हणजे काय, हे आधी मुलाला समजेल अशा वस्तूंवरून पक्कं केलं आहे. चिमण्या, जाळं, शिकारी हे सगळं त्याच्यानंतर येतं. आधी शब्द, मग गोष्ट. आम्ही उलटं करतो आणि मग मुलांना गोष्ट आठवते, धडा आठवत नाही.

एक कार्यक्रम कसा तयार होतो, उदाहरण द्याल का?

भाकरीचं उदाहरण देते, कारण माझं बहुतेक शिक्षण त्यातच झालं.

विषय होता अपूर्णांक, प्राथमिक वर्गासाठी. अडचण प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते: मुलाला वाटतं पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा, कारण चार हा आकडा दोनपेक्षा मोठा. आम्ही भिंतीवर एक वाक्य लिहून लावलं: जितके जास्त समान वाटे, तितका प्रत्येक वाटा लहान. एका भागात असं एकच वाक्य, हा नियम मी आजही मोडत नाही.

संहितेत आजी, चूल आणि दोन नातवंडं. आजी भाकरीचे वाटे करते, त्यावरून भावंडांत वाद होतो, शेवटी उलगडा. तीन बैठकांत संहिता मंजूर झाली. चित्रीकरणाला भाकऱ्या थापायला एक मावशी आणल्या होत्या. दिव्यांच्या उष्णतेने भाकरी दहा मिनिटांत कडक होते आणि मग ती तुटताना सरळ तुटत नाही, तडकते. समान वाटे करायचे आणि भाकरी ऐकत नाही! अठरा भाकऱ्या लागल्या. संकलन झालं, संगीत चढलं, आम्ही सगळे खूश.

मग कच्ची प्रत घेऊन जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो. बावीस मुलं. कार्यक्रम संपल्यावर विचारलं, मोठा तुकडा कुणाला मिळाला? निम्म्याहून जास्त मुलं म्हणाली, भावाला. भावाला चतकोर मिळाली होती, बहिणीला अर्धी. मी विचारलं, असं का वाटलं? एक मुलगा म्हणाला, ‘त्याचा तुकडा टीव्हीभर होता.’

खरंच होता. अर्धी भाकरी बहिणीच्या हातात, लांबून घेतलेल्या शॉटमध्ये. आणि चतकोर आम्ही छान दिसते म्हणून क्लोजअपमध्ये घेतली होती, वरचे पापुद्रे, वाफ, सगळं. आम्ही तोंडाने सांगत होतो की पाव लहान आणि कॅमेऱ्याने दाखवत होतो की पाव मोठा. मुलांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला.

त्याच वर्गात पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, ‘पाव म्हणू नका ना, चतकोर म्हणा.’ तिच्यासाठी पाव म्हणजे बेकरीतला. भाकरीचा पाव कसा असेल? चतकोर मात्र ती रोज खाते. अर्धी, चतकोर, नितकोर असे सगळे शब्द घरात होते आणि आम्ही पुस्तकी शब्द घेऊन तिच्या दारात गेलो होतो.

पुन्हा चित्रीकरण केलं. कॅमेरा वरून, एका जागी खिळवलेला, दोन्ही तुकडे एकाच ताटात. अर्ध्या भाकरीवर चतकोर ठेवली आणि खालची भाकरी तेवढीच बाहेर उरलेली दिसली. निवेदन जवळजवळ काढून टाकलं. आधी ‘चतकोर’, मग ‘म्हणजे चारातला एक वाटा’, आणि सगळ्यांत शेवटी आकडा. दुसऱ्या चाचणीत मुलं आजीच्या आधी उत्तर देत होती.

मुलं बघत आहेत की नाही हे कसं ओळखायचं?

टीव्हीच्या शेजारी, मुलांकडे तोंड करून बसायचं. पडद्याकडे बघायचंच नाही. वहीत दोन रकाने: वेळ, आणि मुलांनी काय केलं. कुणी बाहेर बघितलं, कुणी शेजाऱ्याला चिमटा काढला, कुठे सगळ्यांचे ओठ हलले. चार वर्गांत एकाच मिनिटाला माना वळल्या तर दोष त्या मिनिटात आहे, मुलांत नाही.

हे शास्त्र म्हणून उभं केलं ते अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या मंडळींनी. जोन गॅन्झ कूनी यांनी १९६६ मध्ये ती कल्पना मांडायला सुरुवात केली आणि १० नोव्हेंबर १९६९ ला पहिला भाग दिसला. मधली तीन वर्षं त्यांनी निर्माते, बालमानसशास्त्रज्ञ आणि संशोधक यांना एकत्र बसवण्यात घालवली. एडवर्ड पामर हे त्यांचे संशोधक. ते मुलासमोर टीव्ही लावायचे आणि बाजूला दुसऱ्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलणारी चित्रं. मुलाची नजर टीव्हीवरून हटली की नोंद करायची.

१९६९ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात चाचणीचे भाग दाखवले तेव्हा कळलं की बाहुल्या दिसतात तेव्हा मुलं खिळून असतात आणि फक्त माणसं असलेली रस्त्यावरची दृश्यं आली की पांगतात. तज्ज्ञांचा सल्ला होता की बाहुल्या आणि माणसं एकत्र आणू नका, मुलांचा गोंधळ होईल. निर्मात्यांनी मुलांचं ऐकलं. त्यातून माणसांबरोबर रस्त्यावर वावरणारे बिग बर्ड आणि ऑस्कर हे बाहुले जन्माला आले. पुढे २००६ मध्ये त्याच पद्धतीने भारतात ‘गली गली सिम सिम’ आलं.

आपल्याकडे चाचणीसाठी पैसे मागितले की ‘तेवढं कशाला, तुम्ही अनुभवी आहात’ असं उत्तर मिळतं. अनुभवी मी भाकरीच्या वेळीही होते. अंदाजपत्रकात चाचणी आणि फेरचित्रीकरणाची रक्कम पहिल्या दिवशीच वेगळी काढून ठेवा. नंतर ती कुणी देत नाही.

भाषा प्रमाण ठेवायची की बोली?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते. माझं मत असं: निवेदन साधं, प्रमाण मराठीत, पात्रं आपापल्या गावची. मुलाला त्याची बोली पडद्यावर फक्त गड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी ऐकू आली तर त्याला काय कळतं? हेच, की आपलं बोलणं हसण्यासारखं आहे. म्हणून आमच्या एका मालिकेत प्रयोग करणारी हुशार मुलगी वऱ्हाडी बोलायची. अकोल्याहून एका शिक्षिकेने लिहिलं की वर्गातली गप्प राहणारी मुलं त्या भागानंतर हात वर करायला लागली.

वस्तूंच्या नावांचं मात्र फार जपावं लागतं. पुण्यात पेरू, तोच विदर्भात जांब. लाल भोपळ्याला कुठे डांगर म्हणतात, कुठे गंगाफळ. मोजणीच्या गाण्यात अशी वस्तू घेतली तर अर्ध्या महाराष्ट्राचं लक्ष मोजणीवरून नावावर जातं. पहिली-दुसरीच्या कार्यक्रमात मी चिमणी, खडा, बोट, पान अशा वस्तू निवडते. वरच्या वर्गांत मुद्दाम दोन्ही नावं घेते, तोही एक धडाच असतो.

आणि आवाज. पत्र्याचं छप्पर, बाहेर पाऊस, एकच छोटा स्पीकर. तिथे निवेदनाखालचं संगीत शब्द गिळून टाकतं. स्टुडिओतल्या महागड्या स्पीकरवर ऐकून कधीही अंतिम मान्यता देऊ नका. जुन्या टीव्हीवर, पंखा लावून ऐका.

कोणतं शिक्षण घ्यावं?

पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था टीव्हीचं शिक्षण देते. अहमदाबादचं एनआयडी आणि आयआयटी मुंबईचं आयडीसी या डिझाइनच्या संस्था अॅनिमेशनसाठी उत्तम. दिल्लीत जामियाचं मास कम्युनिकेशन केंद्र आहे, पुण्यात विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूट. पदवी उपयोगी पडते, पण निवड करताना मी तीन गोष्टी बघते. उमेदवार एखादी कल्पना आठ वर्षांच्या मुलाला दोन मिनिटांत सांगू शकतो का, त्याला मराठीत स्वच्छ लिहिता येतं का, आणि स्वतः लिहिलेलं कापताना तो रागावतो का.

मी डी.एड./बी.एड. शिक्षक आहे. मला या क्षेत्रात येता येईल?

या, फार गरज आहे. मुलं कुठे अडतात हे तुम्हाला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. संहितालेखक किंवा विषयतज्ज्ञ म्हणून सुरुवात करा. एक सवय मात्र मोडावी लागेल. वर्गात मूल गोंधळलं की तुम्ही थांबता, दुसऱ्या शब्दांत सांगता. पडद्याला मुलाचा चेहरा दिसत नाही. म्हणून तो गोंधळ लिहितानाच ओळखावा लागतो, आणि त्यासाठी तुमच्या वर्गातले ठरावीक दोन-तीन चेहरे डोळ्यांसमोर ठेवून लिहा.

लहान मुलांबरोबर चित्रीकरणाचे नियम काय आहेत?

हा भाग नीट वाचा. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून घेता येतं, पण अटींवर. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांहून जास्त काम देता येत नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती हवी. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत जातो. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला काम करायला लावता येत नाही आणि शाळा बुडता कामा नये.

मी यात घरची भर घालते. कॉल शीटमध्ये, म्हणजे दिवसाच्या चित्रीकरणाच्या वेळापत्रकात, पहिला शॉट मुलांचा, म्हणजे ती ताजीतवानी असताना काम होतं. रिटेक मागताना ‘चुकलं’ म्हणायचं नाही. ‘आता कॅमेरावाल्या काकांसाठी एकदा’ म्हणायचं. आणि सेटवर मूल रडलं तर दिवे बंद. एकदा एका बाहेरच्या दिग्दर्शकाने रडणं ‘चांगलं येतंय’ म्हणून कॅमेरा चालू ठेवला होता. ते दृश्य मी संकलनात वापरू दिलं नाही आणि त्यांच्याबरोबर पुन्हा काम केलं नाही.

चुकीची माहिती प्रसारित झाली तर?

माझ्या हातून झाली आहे. चंद्राच्या कलांवरचा भाग होता. संहिता बरोबर, निवेदन बरोबर, पण ग्राफिक्समध्ये चंद्रावर पृथ्वीची सावली सरकताना दाखवली गेली. विषयतज्ज्ञांनी संहिता तपासली होती, ग्राफिक्स त्यांना दाखवायचं राहून गेलं. ती चूक माझी. आठवडाभरात सिंधुदुर्गातल्या एका शिक्षकांचं पत्र आलं: सावली पडते ती फक्त ग्रहणात, रोजच्या कला दिसतात त्या चंद्राचा प्रकाशित भाग आपल्याला कमी-जास्त दिसतो म्हणून.

आम्ही तो भाग मागे घेतला आणि पुढच्या भागात मुलांना सरळ सांगितलं की गेल्या वेळी चित्र चुकलं. मग अंधाऱ्या खोलीत एक बल्ब, काठीला खोचलेला चेंडू, आणि एक मुलगी चेंडू हातात धरून स्वतःभोवती फिरते, एवढंच चित्रित केलं. तिच्या डोळ्यांच्या जागी कॅमेरा. त्या दिवसापासून विषयतज्ज्ञ आमची अंतिम प्रत दोनदा बघतात, एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून. चित्र एकटं काय सांगतंय हे आवाज बंद केल्यावरच कळतं.

बाहुल्या चांगल्या की अॅनिमेशन?

विषयावर अवलंबून आहे. जे डोळ्यांनी दिसत नाही, उदाहरणार्थ रक्ताभिसरण किंवा पृथ्वीच्या पोटातले थर, तिथे अॅनिमेशन. भीती, मत्सर, शाळेचा पहिला दिवस असलं काही असेल तर बाहुली, कारण मूल माणसाला जे सांगत नाही ते बाहुलीला सांगतं. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यांशी मुलं कशी बोलतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि जे हाताने करता येतं ते खऱ्या हातांनीच दाखवा. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या ज्या छोट्या फिती केल्या त्यांत बहुतेक वेळ फक्त हात दिसतात. दोन मिनिटांत मूल काडेपेटी शोधायला उठतं.

पोट भरतं का?

भरतं, पण सरळ रेषेत नाही. कायम नोकऱ्या थोड्या आहेत. बहुतेक काम कंत्राटावर किंवा भागाप्रमाणे मिळतं. मालिका संपली की काही महिने रिकामे जातात, तेव्हा डबिंग, पाठ्यपुस्तकांचं संपादन, कार्यशाळा अशी जोडकामं लागतात. एका ठिकाणी माझं बिल चौदा महिने अडकलं होतं आणि मी तोवर कलाकारांचे पैसे पदरचे दिले होते. तेव्हापासून करारात तीन हप्ते लिहून घेते: संहिता मंजूर झाल्यावर, चित्रीकरणाच्या आधी आणि अंतिम प्रत दिल्यावर. मधला हप्ता हातात आल्याशिवाय सेट उभा करायचा नाही.

आता काम आहे तरी कुठे? मुलं तर यूट्यूब बघतात.

टीव्ही संपला असं मला २०२० च्या आधी बरेच जण सांगत. मग शाळा बंद झाल्या. ज्या घरात एकच मोबाइल आणि तो वडिलांबरोबर कामावर जाणारा, तिथे मुलांपर्यंत काय पोचणार होतं? त्या जुलैत एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी. तिचं मला कौतुक वाटतं ते एका निर्णयासाठी. त्यांनी फळा आणि वर्ग पडद्यावर आणला नाही. घरातल्या वस्तू, घरातली माणसं आणि परिसर घेऊन धडे रचले, कारण मूल घरात होतं. केंद्र सरकारनेही त्याच वर्षी पीएम ई-विद्यामध्ये इयत्तेगणिक एक अशा बारा वाहिन्या आणल्या आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या २०० करण्याची घोषणा केली.

तेव्हा काम आहे: सह्याद्री, ई-बालभारती, एससीईआरटी (राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद), दिल्लीची सीआयईटी (एनसीईआरटीची शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था), विद्यापीठांची माध्यम केंद्रं, आणि शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था. यूट्यूबवर स्वतःचं काही करायचं असेल तर जरूर करा, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त तिथले आकडे सांगतात की मूल किती वेळ बघत राहिलं. त्याला काय समजलं ते आकड्यात येत नाही, त्यासाठी शाळेतच जावं लागतं.

मला आजच सुरुवात करायची आहे. काय करू?

पाठ्यपुस्तकातला एक धडा घ्या, त्यातलं एक वाक्य काढा आणि मोबाइलवर तीन मिनिटांचा भाग करा. जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, पालकांची लेखी संमती घ्या आणि दहा मुलांना दाखवा. वही घेऊन मुलांकडे तोंड करून बसा. नंतर ‘आवडलं का’ असं विचारू नका, मुलं पाहुण्यांना हो म्हणतात. ‘तुझ्या मित्राला हे कसं सांगशील?’ असं विचारा आणि ऐका. मग दुरुस्त करा, आणि दुरुस्त केलेला भाग त्याच मुलांना दाखवायला परत जा. हे परत जाणं पुष्कळ जण टाळतात.

आम्ही भाकरीचा भाग घेऊन जुन्नरच्या त्या शाळेत परत गेलो तेव्हा पुढच्या रांगेतली ती मुलगी दारातच उभी होती. टीव्ही अजून टेम्पोतून उतरलाही नव्हता. तिने विचारलं, ‘चतकोर म्हणालात का?’